शिलाईचा अर्धा इंच

आमच्या पोरीची शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरते. पूर्ण वेळ, वर्षभर, पडद्यावर. बायको नर्स आहे, तिची दरवर्षी बदली होते. तीन वर्षांत तीन शाळा झाल्यावर पोरीने चौथ्या शाळेत पाऊल टाकायला साफ नकार दिला, तेव्हापासून ही सोय. गाव बदललं तरी बाई त्याच, मैत्रिणी त्याच. मी शिंपी, माझं मशीन घरातच. त्यामुळे पोरीच्या अभ्यासाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. पोरीला आम्ही बटण म्हणतो.

ती जबाबदारी मी जीव तोडून पार पाडली, हे आधीच सांगून ठेवतो. माझे वडील, म्हणजे अण्णा, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेत. ते बटणला पावणेनऊलाच टेबलाशी बसवायचे आणि शेजारी स्वतःही बसायचे. बाईंनी प्रश्न विचारला की पहिलं उत्तर अण्णांचं. इतिहासाच्या तासाला ते असे काही रंगायचे की बाईंनी एकदा हजेरीत शेवटी "आणि आजोबा" असंही पुकारलं. मी मशीनवरून उठून कॅमेऱ्यामागे उभा राहायचो आणि बोटांनी आकडे दाखवायचो. एकदा मधेच एक गिऱ्हाईक पँटचं माप द्यायला आलं, आणि त्याची कंबर बेचाळीस असल्याचं अख्ख्या सहावीने ऐकलं. ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही.

गणिताचा गृहपाठ तर मी तिला करूच देत नसे. "तू जा खेळायला, मी बघतो," म्हणायचो. आकडेमोड म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

मग एका सोमवारी बाईंचा फोन आला.

"तुमच्या मुलीचं परिमितीचं प्रत्येक उत्तर अर्ध्या मीटरने जास्त येतंय. बाग असो, मैदान असो, अर्धा जास्तच. असं का?"

"शिलाईत दाबायला सोडलंय ना, बाई," मी म्हणालो.

मग बाई म्हणाल्या, "कुंपणाला शिलाई नसते हो."

चोरी पकडली गेली. बाईंनी शुक्रवारी दहा वाजता तोंडी परीक्षा ठेवली. बटण एकटी, खोलीत दुसरं कुणी नाही. वीसपैकी बाराच्या खाली आली, तर तिला पाचवीच्या वर्गात बसवणार.

"म्हणजे माझ्या मैत्रिणी पुन्हा सुटणार," एवढंच बटण म्हणाली आणि रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी खोड जाते कुठे? "घाबरू नकोस, मी खिडकीबाहेर उभा राहतो आणि बोटांनी..."

बायको नुकतीच ड्युटीवरून आली होती, पायातले बूटही काढले नव्हते. "अहो, शाळा तिची आहे की तुमची? चार दिवस तिला चुकू द्या. अडली तर शेजारी बसा, कुठे अडलं ते विचारा. उत्तर मात्र सांगायचं नाही. अण्णा, तुम्हीसुद्धा!"

अण्णांनी मान खाली घातली. सुनेपुढे त्यांचं काही चालत नाही. माझं तर कधीच चाललं नव्हतं.

ते चार दिवस मी कसे काढले, माझं मला ठाऊक. बटण चुकायची, खोडायची, ओठ चावत पुन्हा करायची. मी शेजारी बसून शर्टाच्या काजांना टाके घालत होतो आणि जीभ दाताखाली धरून होतो. तिने मला एकदाच हाक मारली, तीही खोडरबर शोधायला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

शुक्रवारी पावणेदहाला बटणने आम्हा दोघांना बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. आम्ही जिन्यावर दाराला कान लावून बसलो.

आतून बाईंचा आवाज आला. "बाग साडेसात मीटर लांब, चार मीटर रुंद. चारी बाजूंना कुंपण किती लागेल?"

"किती रे?" अण्णांनी कानात विचारलं.

"साडेतेवीस," मी म्हणालो.

मग बटण म्हणाली, "बाई, मला एक मिनिट द्या." पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज. आणि मग, "तेवीस."

"घालवलं!" मी उठलोच. "अर्धा विसरली!" मी दारावर थाप मारणार, तेवढ्यात अण्णांनी माझ्या गळ्यातला टेप धरून मला खाली ओढलं. बस थांबवायचा हात तो, मी जागच्या जागी थांबलो.

"बरोबर," आतून बाई म्हणाल्या.

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पंचेचाळिसाव्या वर्षी मला पाचवीत बसवल्यासारखं वाटलं.

अर्ध्या तासाने कडी निघाली. बटणच्या गालावर पेन्सिलीची रेघ होती. "वीसपैकी सतरा! मी सहावीतच!"

अण्णा उपरण्याने डोळे पुसत "वेळेत पोचली, वेळेत पोचली" म्हणत राहिले. तीन गुण गेले होते, पण सतरातला एकही माझा नव्हता, आणि माझी छाती फुगली ती नेमकी त्यासाठीच. मी लगेच बायकोला फोन लावला.

"अगं, पास झाली! साडेसतरा पडले!"

"सतरा, बाबा," बटण म्हणाली आणि तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला. "आई, थांब, मीच सांगते."