चेतनाचं तिरपं अक्षर

विक्रोळीच्या विहारातल्या हॉलमध्ये मी रविवारी मुलांना चित्रकला शिकवते. शाळेतून निवृत्त झाले, पण समोर पेन्सिल धरलेलं मूल नसलं की मला करमत नाही. चेतना याच वर्गात वाढली. फुलं-पानं तिला कधी आवडली नाहीत. ती अक्षरं काढायची.

गेल्या वर्षी तिने इथल्या मुलींच्या कबड्डी संघासाठी फॉन्ट केला. अक्षरं उजवीकडे झुकलेली, चढाईला निघालेल्या मुलीसारखी. गोलाई कुठेच नाही. ‘व’चं पोटसुद्धा कोनांनी कापलेलं, आणि प्रत्येक उभ्या दांड्यात एक बारीक चीर. सरळ अक्षर नुसतं ढकललं तर ते पडल्यासारखं दिसतं, एवढंच मी तिला सांगितलं होतं. तिने प्रत्येक अक्षर आलेखाच्या कागदावर नव्याने बांधलं. तिच्याकडे बी.कॉम.ची पदवी होती, चित्रकलेची नव्हती. डिझाइनची नोकरी मागताना दाखवण्यासारखं हेच एक काम होतं.

जर्सी कांजूरमार्गला सहदेवच्या फ्लेक्सच्या दुकानात छापल्या. छापणाऱ्याला नावांचं चित्र करून द्यायचं, फॉन्ट द्यायचा नाही, नाहीतर तो त्यात काहीही छापू शकतो, हे तिला ठाऊक होतं. पण संघातली नावं शेवटपर्यंत बदलत राहिली. कंटाळून तिने फॉन्टच त्याच्या कॉम्प्युटरवर टाकून दिला.

दिवाळीपर्यंत तिची अक्षरं नाक्यानाक्यावरच्या बॅनरवर आली. वाढदिवस, कोचिंग क्लास, मिसळ महोत्सव. एका भावपूर्ण श्रद्धांजलीवरही. तीसुद्धा चढाईला निघालेली.

चेतना जाब विचारायला गेली, तर सहदेव हसला. “अगं, चांगलं आहे म्हणूनच वापरलं ना? मुलुंडवालेही मागून नेतात. तुझ्या वाढदिवसाला बॅनर फुकट, जा.”

पुढे अंधेरीच्या एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलं. तिथल्या बाईंनी तिच्या फॉन्टचे कागद बघितले आणि म्हणाल्या, हे तर आम्ही रोज रस्त्यावर बघतो, तुमचं स्वतःचं काही आहे का? चेतनाने पेन्सिलची मूळ चित्रं पुढे केली. बॅनर बघून अशी चित्रं कुणीही काढेल, असं त्या अगदी सौम्यपणे म्हणाल्या.

आता ती एका पतपेढीत कामाला आहे. गेल्या रविवारी मीच आग्रहाने तिला वर्गात बोलावलं. मुलांना आपापली नावं सजवायला सांगितली होती. त्यातल्या सईने आपलं नाव तिरप्या, कोनदार अक्षरांत काढलं होतं, चिरेसकट. फक्त ‘स’ ढकलल्यासारखा पडला होता.

चेतना तिच्याशेजारी बसली, खोडरबर उचललं आणि दांडा कुठून झुकवायचा ते दाखवू लागली.

सईने वही ओढून घेतली. “ताई, तुला माहीत नाही. बॅनरवर असंच असतं.”

चेतनाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने मानेनेच नको म्हटलं.

“मग तसंच ठेव,” ती सईला म्हणाली, आणि खोडरबर डब्यात टाकलं.