दोन रक्तं, दोन बाटल्या

आमच्या चर्चमधला सैतान तोंडी सांगून जात नाही. तो ओकून टाकावा लागतो, बादलीत, सगळ्यांसमोर. बादलीत काही पडल्याशिवाय सुटका झाली असं कुणी मानत नाही, मग पडेपर्यंत ऑलिव्ह तेल पाजतात. लहानपणापासून मी हे बघत आले होते. त्या शनिवारी सकाळी खुर्चीत मीच होते.

मी कलीशा, एकोणीस वर्षांची. आई इंद्रा, ऊसमळ्यांवर मजुरीला आणलेल्या भारतीयांच्या घरातली. वडील आफ्रिकी वंशाचे, टोबॅगोचे. आमच्यासारख्यांना त्रिनिदादमध्ये दोगली, म्हणजे मिश्र रक्ताची, म्हणतात, तेही लाडानं हाक मारल्यासारखं, त्यामुळे तक्रारसुद्धा करता येत नाही. नदीकाठी पेरूच्या झाडाखाली मी एका मुलीचं चुंबन घेताना दिसले, असं आईनं पास्टरना सांगितलं होतं. मुलगी पाठमोरी होती म्हणे, चेहरा दिसला नाही. पास्टरना ते नाव हवं होतं.

ती मुलगी शेरिसा, पास्टरांचीच भाची. माझ्यापासून चार हातांवर, गाणाऱ्यांच्या पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

आधी भूत कुणाकडून आलं यावर वाजलं.

"आमच्या खानदानात असलं काही नाही," आईची आई, नानी म्हणाली. "बापाकडून आलंय. ढोल बडवून अंगात आणतात ते लोक."

"ओ बाई, तोंड सांभाळा," वडिलांची आई, ग्रॅनी उसळली. "परवापरवापर्यंत अंगणात झेंडे रोवून दगडांना नारळ फोडत होता तुम्ही. आमचा तीन पिढ्यांचा बाप्तिस्मा झालाय."

एरवी या दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. माझ्यातली घाण कुणाची, हे ठरवायला मात्र मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. पास्टरांनी निवाडा दिला: दोन रक्तं, तर दोन बाटल्या. एक आफ्रिकेची, एक भारताची. लोक "आमेन" म्हणाले. एकालाही हसू आलं नाही, याचीच मला शिसारी आली.

तेल कोमट होतं. घशातून खाली जाईना आणि वरही येईना. पहिली बाटली संपल्यावर पास्टर वाकले. त्यांच्या तोंडाला उपासाचा वास येत होता.

"नाव सांग, लेकरा. दुसरी लागणार नाही."

"मला नाही आठवत."

शेरिसाचा आवाज एकदम सगळ्यांच्या वर चढला. ती घाबरली की अशीच गाते, मला माहीत होतं. मी दात आवळले. खुर्चीमागे मदतीला उभ्या असलेल्या सिस्टर फिलोमिनानं ते बोटांनी उघडले आणि दुसरी बाटली ओतली.

मग मी ओकले. नाकातून, डोळ्यांतून, सगळीकडून. फिलोमिनानं बादलीत काडी फिरवली आणि किंचाळली, "शेपूट! ही बघा शेपूट!" तो आदल्या रात्रीच्या भाजीचा देठ होता. लोक नाचायला लागले. शेपूट मिळाल्यावर नावाची कुणाला फिकीर राहिली नाही. शेरिसा माझ्याकडे न बघता पाणी प्यायला निघून गेली.

घरी आईनं मला अंगणातल्या नळाखाली बसवलं.

"बरं केलंस, नाव घेतलं नाहीस," ती म्हणाली.

"कुणाचं नाव?"

"अगं, शेरिसाचं. चांगला चेहरा बघितला मी तिचा."

"मग मला एकटीलाच का दिलंस त्यांच्या हातात?"

"तिला सान फर्नांडोचं चांगलं स्थळ सांगून आलंय. तिचं वाटोळं कशाला करायचं?" माझ्या कुरळ्या केसांत ती साबण चोळत होती, अगदी मायेनं. "तुझं काय, बाळा. या केसांना, या रंगाला तसंही कोण मागणी घालणार होतं?"

एकोणीस वर्षं याच हातांनी मला न्हाऊ घातलं होतं. मला त्या हातांची किळस आली.

"हात काढ," मी म्हणाले.

तिला वाटलं, डोळ्यांत साबण गेला. तिनं नळ मोठा केला.