टीव्हीच्या काचेवरची शक्ती

रविवारी नऊ वाजले की कोल्टन गावचे चर्च ओस पडे आणि हेझल ट्रम्बलच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा उरत नसे. गावातला सर्वांत मोठा रंगीत टीव्ही तिच्याकडे होता आणि त्या टीव्हीत धर्मोपदेशक ब्रदर लँडिस अवतरत. पांढराशुभ्र सूट, बोटात हिरा आणि डोळ्यांत हुकमी पाणी.

“रोग्यांनो, माझ्यापर्यंत येऊ नका!” ते गर्जत. “डोळे मिटा, पडद्यावर हात ठेवा. माझी शक्तीच तुमच्याकडे निघाली आहे! आणि देणगी कुठे पाठवायची, तो पत्ता खाली दिसतोच आहे!”

काचेला तळहात टेकताच बोटांना मुंग्या येत, हातावरची लव ताठ उभी राही. “आली हो, आली!” हेझल किंचाळे आणि वर्तमानपत्राचा संपादक प्रुइट तिचे छायाचित्र टिपे. वर्तमानपत्राने छापले म्हणून रेडिओने सांगितले, रेडिओने सांगितले म्हणून वर्तमानपत्राने पुन्हा छापले. आणि दोघेही सांगतात त्या अर्थी खरेच असणार, असे गावाने ठरवून टाकले.

ऑगस्टा व्हीलॉक यांनी याच गावाला आयुष्यभर विज्ञान शिकवले होते. हा तमाशा त्यांनी आजवर तुच्छतेने दुर्लक्षिला होता. पण त्या रविवारी त्या धाकट्या भावाकडे सूप घेऊन गेल्या, तेव्हा मधुमेही ऑर्विल घागरभर पाणी पिऊनही तहानलेलाच होता. त्याच्या श्वासाला सडक्या फळांचा वास येत होता. फ्रिजमधली इन्सुलिनची नवी बाटली न फोडता तशीच पडली होती.

“सुई कधी बंद केलीस?”

“ताई, आता सुई कशाला? ब्रदरनी बरं केलंय मला. हाताला जाणवतं गं!”

“आणि घशाला काय जाणवतं? दुष्काळ?”

“पेपरात आलंय, ताई. ते खोटं छापतील?”

“माझं वय त्यांनी दहा वर्षांनी कमी छापलं होतं. मी तक्रार केली नाही, एवढंच.”

ऑर्विल हसला नाही. “आधी ती शक्ती खोटी ठरवून दाखव. मग टोच काय टोचायचं ते.”

ऑगस्टाबाईंनी डॉक्टरांना फोन करून हेझलच्या घरी बोलावले आणि भावाला दंडाला धरून तिथे नेले. ब्रदर पडद्यावर गर्जत होते आणि कॅमेरावाल्या प्रुइटसह सारी गर्दी जमलेली होती.

“सगळ्यांनी डोळे मिटा,” त्यांनी फर्मावले. “आवाज बंद करते आहे. शक्तीला आवाज कशाला हवा?”

सगळ्यांनी वर्गात बसल्यासारखे मुकाट डोळे मिटले. बाईंनी टीव्ही बंद करून पुन्हा लावला आणि वाहिनी बदलली.

“ऑर्विल, ठेव हात.”

“आली, ताई! जोरात आली!”

“हेझल, तू?”

“पार खांद्यापर्यंत, बाई!”

“आता उघडा डोळे.”

पडद्यावर एक गुबगुबीत कुत्रा मन लावून बिस्किटे खात होता. जाहिरात चालू होती.

“ब्रदरची शक्ती काचेत मुरली असेल,” हेझल पुटपुटली.

“मग पुढची देणगी कुत्र्याला पाठव.”

बाईंनी पर्समधला प्लास्टिकचा कंगवा काढला, ऑर्विलच्या लोकरी स्वेटरवर खसाखसा घासला आणि त्याच्या मनगटाजवळ धरला. लव तशीच ताठ झाली.

“ही स्थिर वीज. टीव्ही लावला की पडद्यामागच्या नळीत विजेच्या कणांचा मारा सुरू होतो, म्हणून ती काचेवर साठते. हिवाळ्यात घर तापवून हवा कोरडी होते, म्हणून जास्त जाणवते. पडद्यावर साधू असो की श्वान, तिला फरक पडत नाही.”

ऑर्विलने तळहात उलटसुलट करून पाहिला. “म्हणजे… मी बरा झालोच नाही?”

“नाही रे, राजा,” ऑगस्टाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मऊ गावाने कधी ऐकला नव्हता.

डॉक्टर आले तेव्हा ऑर्विलने स्वतःच बाही वर केली. त्याला इस्पितळात नेणारी गाडी दिसेनाशी झाली, तसा प्रुइट कॅमेऱ्यावर झाकण लावू लागला.

“हे छापणार ना?” बाईंनी विचारले.

“बाई, कंगव्याची बातमी कोण वाचणार?”

“माझा भाऊ मेला असता, तर छापली असतीस?”

“पहिल्या पानावर,” तो बोलून गेला आणि ओशाळला.

“मग तो जगला, हे पहिल्या पानावर छाप. कशाने जगला, तेही छाप.” मग बाई खोलीतल्या लोकांकडे वळल्या. “आणि तुम्ही! छापलं म्हणून खरं, दिसलं म्हणून खरं, असं मी तुम्हांला कधी शिकवलं होतं? विचारा, करून बघा, मगच माना. एवढं केलंत, तर कुणाचं औषध फ्रिजमध्ये पडून राहणार नाही.”