पाहुणा चारशे बारा

मी एक जुना सर्व्हर आहे, मित्रांनो. नाव ऐकून बिचकू नका. तुम्ही आपापल्या घरी बसून एकमेकांशी जो खेळ खेळता, तो कुठल्यातरी एका यंत्राच्या पोटात चालू असतो. नेम कोणी धरला, कोणाला लागला, कोण हरलं, याचा निवाडा ते यंत्र करतं. तीन वर्षं एका खेळाचा तसा निवाडा मी केला.

माझे भाग एका ठिकाणचे नाहीत. सुगत नावाच्या पोराने ते सुटे सुटे जमवले आणि महाप्याच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या लहान खोलीत, फरशीवर वर्तमानपत्र पसरून मला जोडलं. शेवटचा स्क्रू त्याच्याबरोबर नोकरी सोडलेल्या रंजिताने पिळला.

"चालू झाला तर ठीक, नाहीतर परत दोघं नोकरीला," ती म्हणाली.

मी पहिल्याच फटक्यात चालू झालो. दोघांनी टाळ्या वाजवल्या. माझं तसं कौतुक पुन्हा फारसं झालं नाही.

सुगतचे वडील सदूकाका तळोज्याच्या एका कारखान्यात कामाला होते. परभणीकडून तरुणपणी आलेले. रंजिता तळवली गावातली. तिचे वडील नामदेव लहानपणी मिठागरात राबलेले. या दोघा पोरांनी जो खेळ बनवला, त्याचं नावही त्यांनी 'मिठागर'च ठेवलं. पाच जण एका बाजूला, पाच दुसऱ्या. बांधाआडून बंदुकीने चिखलाचे गोळे मारायचे. गोळा लागला की गडी चिखलात बसायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा उठायचा.

त्यात एक गोष्ट रंजिताची होती. डाव रंगात आला की केव्हातरी, न सांगता, भरती यायची. बांधावरून पाणी आत शिरायचं, बंदुका भिजायच्या, सगळ्यांना पळत उंचावर चढावं लागायचं. ज्याचा नेम पक्का तोही गटांगळ्या खायचा आणि नवशिक्याला अर्धं मिनिट बरोबरीचं मिळायचं.

हा खेळ पहिल्यांदा पूर्ण खेळला तो सदूकाकांनी. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कारखान्यातल्या यंत्राने नेली होती, म्हणून माउस डाव्या हातात. पहिली पाळी सुटली की ते आमच्या खोलीवर यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचे. महिनाभर त्यांनी चाचणीला आलेल्या पोरांकडून नुसता मार खाल्ला. मग एके दिवशी भरती आली, समोरचे तीन पट्टीचे गडी पाण्यात धडपडत राहिले आणि काका कोरडी बंदूक घेऊन उंच बांधावर उभे होते. त्यांनी सावकाश नेम धरला.

"बुडवला! पोरी, बुडवला की नाही!" ते उठून उभेच राहिले.

सुगत तेव्हा वडिलांकडे बघत होता. खेळ चालणार हे त्याने त्या क्षणी ठरवलं असावं.

आणि खेळ चालला. वर्षभरात रोज तीन हजार माणसं येऊ लागली. ऑफिसातून सुटलेले, अभ्यासाला कंटाळलेले, पोळ्या झाल्यावर हात पुसून बसणाऱ्या बायका. मी प्रत्येकाला त्याच्याच तोडीच्या माणसासमोर बसवायचो. हे काम मला फार आवडायचं. सदूकाकांना सुगतने आपला जुना संगणक घरी लावून दिला. ते 'सदू' या नावाने रोज तासभर यायचे, कधी हरायचे, कधी जिंकायचे.

त्या तीन हजारांत अगदी वरचे दीडशे जण होते, ते मात्र खेळायला येत नसत, जिंकायला येत. त्यांचा म्होरक्या ऐरोलीचा शहाजी. एक दिवस तो खोलीवर आला. उद्धट नव्हता पोरगा. खुर्ची दिली तरी उभाच राहिला.

"भाऊ, मी रोज सहा तास घासतो. परवा आठ-आठ होतं, शेवटचा गोळा माझ्या हातात, आणि तुमची भरती आली. त्याच्यात माझं काय चुकलं, सांगा ना."

चूक काही नव्हती. ते मलाही नोंदींत दिसत होतं.

"आणि तोडीचा माणूस मिळेपर्यंत चार चार मिनिटं बसवता. कोण थांबेल? भरती काढा, जोडणी सैल करा. मी सोळा टीम घेऊन येतो. वाशीला हॉल घेऊ, मोठी स्पर्धा करू. नाव होईल तुमचं."

तो गेल्यावर दोघांचं वाजलं.

"वरचे दीडशे ओरडतात म्हणून आपल्याला ऐकू येतात," रंजिता म्हणाली. "खालची माणसं ओरडत नाहीत, सुगत. ती उठून जातात."

"मग काय करू? त्यांचा सहा तासांचा घाम खोटा?"

"खोटा नाही. त्यांना वेगळी खोली दे. त्यांच्यात भरती नको. बाकीच्यांची तशीच राहू दे."

"माणसंच तीन हजार. त्यातली एका वेळी हजर किती? दोन खोल्या केल्या तर दोन्ही ओस पडतील. दीडशे जणांना तर दहा दहा मिनिटं जोडी मिळायची नाही."

हेही खरंच होतं, मित्रांनो. मी आकडे बघत होतो, सुगत चुकीचं बोलत नव्हता. रंजिता खुर्चीवरून उठली. मग म्हणाली, "कर तुला पटेल ते." तिने अडवलं असतं तर कदाचित तो थांबला असता. तिने अडवलं नाही.

सोमवारी भरती बंद झाली. मला नवा हुकूम मिळाला: वीस सेकंदांत दहा माणसं भरायची, तोड बघत बसायचं नाही. मी हुकमाचा ताबेदार. शहाजीच्या टोळीसमोर मी पोळ्या आटपून आलेल्या बायका बसवल्या, बारावीची पोरं बसवली. सदूकाकांना बसवलं.

त्या आठवड्यात काका एकही डाव जिंकले नाहीत. उठले की गोळा, उठले की गोळा. शेजारच्या गप्पांच्या चौकटीत पोरं लिहायची, "सदू कोण आहे रे? आजोबा, गोळ्या घेतल्या का?" कोणीतरी लिहिलं, "याला हात नाहीत बहुतेक." काकांनी डाव बंद केला. दुसऱ्या दिवशी ते नाव न घालता आत आले. नाव न घालणाऱ्याला मी 'पाहुणा' म्हणायचो आणि पुढे एक नंबर लावायचो. काकांना चारशे बारा लागला.

मला माहीत होतं तो पाहुणा कोण. सुगतच्याच घरच्या संगणकावरून यायचा. पण मला विचारलं तरच मी सांगू शकतो, आणि कोणी विचारलं नाही.

रविवारी दुपारी सुगत नवे नियम कसे वाटतात ते बघायला खोलीवर स्वतः खेळायला बसला. 'खडक' असं नाव घेतलं आणि शहाजीच्या टोळीत शिरला. सुगतचा नेम मुळातच चांगला. मी वीस सेकंदांत समोरचे पाच भरले. त्यात एक पाहुणा चारशे बारा होता.

सुगत बांधाच्या तोंडाशी दबा धरून बसला. पाहुणा चिखलातून उठून दोन पावलं टाकायचा, तेवढ्यात हा मारायचा. एकदा, दोनदा, सात वेळा. शहाजीची पोरं हसायला लागली, तसा सुगतलाही चेव चढला. बऱ्याच महिन्यांनी तो मोकळा हसत होता. अठराव्या वेळी त्याने चौकटीत लिहिलं, "पाहुणे, आता घरी जा. पंगत उठली."

पाहुणा आणखी एकदा उठला. एकोणिसावा गोळा बसला. मग तो निघून गेला आणि पुन्हा कधी आला नाही. एकोणीसही निवाडे मीच दिले, आणि नियमाप्रमाणे ते बिनचूक होते.

पुढचं थोडक्यात सांगतो. स्पर्धा झाली, सोळा टीम आल्या, फोटो निघाले. पण दोन महिन्यांत तीन हजारांचे सहाशे झाले. तक्रार कोणीच केली नाही. खालची माणसं गेली तशी मग वरच्यांना मारायला कोणी उरलं नाही. वीस सेकंदांची आता आठ मिनिटं झाली. शहाजीने निरोप पाठवला, "भाऊ, गेम चांगली होती, पण पब्लिकच नाही. आमी दुसरीकडे चाललो." सुगतने घाईघाईने भरती परत घातली. रिकाम्या बांधांवरून पाणी आत यायचं आणि ओसरायचं. रंजिताने जवळच्याच आयटी पार्कात नोकरी धरली. जाताना ती भांडली नाही, आणि ते सुगतला जास्त लागलं.

खोली सोडायच्या दिवशी सदूकाका पहिली पाळी करून सामान बांधायला आले. सुगत माझ्या नोंदी चाळत होता. कोण केव्हा गेलं, शेवटचा डाव कोणाशी खेळलं, हे तो आता विचारत होता. मी एकेक ओळ दाखवत गेलो. एका ओळीवर तो थांबला. घरच्या संगणकाचा पत्ता त्याने ओळखला.

"बाबा, पाहुणा चारशे बारा... हे तुम्ही होता?"

काका कोपराला वायर गुंडाळत होते. "हा."

"समोर मी होतो, बाबा."

"माहीत व्हतं मला."

"कसं?"

"बांधापाशी आलास की तू आधी डावीकडं झुकतोस. लहानपणी लपाछपीतबी तसंच करायचास."

सुगत नोंदी सोडून उठला. "मग एक शब्द बोलायचं तरी! लिहायचं ना, मी आहे म्हणून!"

"काय लिव्हनार?" काकांनी वायरीला गाठ मारली. "तू म्हनलास, घरी जा. मी घरीच व्हतो लेका."

सुगतने खुर्ची पुढे सरकवली, "बसा ना. एक डाव खेळू, दोघंच. भरती परत घातलीय."

"ऱ्हाऊ दे. हात दुखतोय."

कोणता हात, हे सुगतने विचारलं नाही. त्याने माझं बटण दाबलं. इतकी वर्षं तो मला बंद करताना आधी सांगायचा, "चल रे, झोप आता." त्या दिवशी काही बोलला नाही.

मित्रांनो, आता मी घणसोलीच्या एका झेरॉक्सच्या दुकानात परीक्षांचे फॉर्म भरून देतो. पंख्यात केस अडकलेत, एक बाजू उघडी आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्ही घाम गाळा, जिंका, शहाजीसारखे जिद्दीने खेळा; त्याचा राग खरा होता, हे मी आजही म्हणतो. पण मोठे होऊन तुमच्यापैकी कोणी खेळ बनवणार, कोणी नियम करणार, कोणी नुसतंच खेळणार. तेव्हा तुमच्यापेक्षा हळू चालणाऱ्या हाताला दोन पावलं टाकण्यापुरती जागा ठेवा. यंत्र बिघडलं तर उघडून दुरुस्त करता येतं; मला तीनदा केलं. उठून गेलेला माणूस मला एकदाही परत आणता आला नाही.