हॉलिसची बंदूक काचेच्या कपाटात

“हे ऐकून कुणी विश्वास ठेवणार नाही, वेर्ना. मी स्वतः तिथे नसतो तर मीही ठेवला नसता.”

“मग तू होतास ना तिथे?” वेर्नाने कॉफी ओतत विचारलं.

“होतो म्हणजे काय. त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतो.”

इथे मी जरा थांबलो. थाप मारताना मध्ये थांबावं लागतं, समोरच्याला पुढचं हवंसं होईपर्यंत. चाळीस वर्षं या वाळवंटात मी घराघरांच्या छपरांवर चढून कूलर दुरुस्त केले. खाली उतरलो की लोकांना बिलाआधी एक गोष्ट सांगायचो, म्हणजे बिल कमी टोचायचं. एका कूलरमध्ये खुळखुळ्या साप थंडीने गारठलेला सापडला आणि मी त्याला उन्हात धरून शुद्धीवर आणला, ही गोष्ट या गावात अजून खरी मानली जाते.

पण वेर्नाकडे मी दर रविवारी जी गोष्ट सांगायचो, तिची जात वेगळी होती.

तिचा नवरा हॉलिस आणि मी, आम्हा दोघांना एकच खूळ होतं. महायुद्धात विमानातल्या तोफचींना नेम शिकवायला लष्कराने शॉटगन घेतल्या होत्या. घोडा दाबला की पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या. पोरांना ट्रकच्या पाठीवर उभं करायचे, ट्रक पळवायचे आणि नेम धरायला बाजूने मातीच्या तबकड्या उडवायचे. युद्ध संपलं, बंदुका विकल्या गेल्या. कुणी त्या वापरून कोल्हे मारले, कुणी लाकूड कापून आखूड केल्या. आम्ही त्या शोधत फिरायचो. बंदुकांच्या प्रदर्शनांत लोक आमच्या टेबलाकडे यायचे आणि मळकट बंदुका पाहून पुढे जायचे. त्यांना कसं सांगणार, की तो मळकटपणाच सगळं आहे? कारखान्याने दिलेला करडा रंग, दस्त्यावरचे ओरखडे, धातूवर ठोकलेला लष्कराचा, पेटत्या बाँबचा शिक्का. ते गेलं की उरते नुसती बंदूक.

हॉलिसची एक होती. चाऱ्याच्या दुकानात साप मारायला ठेवलेली. ती आपल्याच वाळवंटातल्या जुन्या लष्करी विमानतळावरची आहे हे सिद्ध करायला त्याला एकोणीस वर्षं लागली. कुठकुठे पत्रं पाठवली. शेवटी एका सरकारी यादीच्या पुसट प्रतीत तिचा क्रमांक सापडला. त्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि अर्धा तास ओट्यावर बसला. मीही बसलो. तेवढाच समारंभ.

मग तो आजारी पडला. शेवटच्या महिन्यात त्याला घरीच आणला, आणि वेर्नाला वाटलं याच्यासाठी काहीतरी करावं. तिने गॅरेजमध्ये बसून ती बंदूक घासली. काचकागदाने लाकूड, तारेच्या घासणीने धातू. शिक्का गेला, करडा रंग गेला, क्रमांक तेवढा उरला. वरून स्वयंपाकघरातल्या कपाटांना लावतात ते चकचकीत व्हार्निश. मी भेटायला गेलो होतो तेव्हाच तिने ती आणून त्याच्या पांघरुणावर ठेवली.

हॉलिसने बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, “सुंदर झाली गं.” आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मला कळलं, आणि मी म्हणालो, “वा. नवीकोरी.”

तो गेल्यावर वेर्ना म्हणाली, विमानतळावरच्या संग्रहालयात ती ठेवायची, खाली हॉलिसचं नाव लिहून. तेवढीच तिची इच्छा. मी अडीच तास गाडी चालवत गेलो. तिथल्या बाईने बंदूक हातात घेतली, तिरकी धरली, आणि खूप सभ्यपणे परत दिली. आमच्याकडे अस्सल आहेत, म्हणाली.

तेव्हापासून ती माझ्या पलंगाखाली घोंगडीत आहे. आणि वेर्नाचे गुडघे गेल्यामुळे तिला एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून दर रविवारी संग्रहालय मी तिच्याकडे आणतो. आधी बंदूक एका कोपऱ्यात होती. मग तिला काचेचं कपाट मिळालं, मग त्यात दिवा, मग शाळेची बस भरून पोरं. मला पीच-पाय मिळायचा, पीच भरून भाजलेला, गोड. खरं सांगायचं तर पीच-पायसाठी मी जात नव्हतो. अजूनही कुठे नवा क्रमांक सापडला की हात फोनकडे जातो, हॉलिसचा नंबर अर्धा फिरवून होतो, आणि मग आठवतं.

“तर एक म्हातारा,” मी पुढे सरकलो, “शहाऐंशी वर्षांचा. ओरेगॉनहून आला होता, नातीला घेऊन. याच तळावर शिकलेला.”

“अरे वा.”

“कपाटासमोर आला आणि उभाच राहिला. नात म्हणते, आजोबा, चला. हा हलेना. शेवटी संग्रहालयातल्या बाईने कपाट उघडलं.”

“कुलूप असतं ना त्याला?”

“किल्ली तिच्या गळ्यात असते. बंदूक त्याच्या हातात दिली. डोळे अधू त्याचे, काही दिसेना. मग त्याने अंगठा फिरवला. धातूवरून, असा हळूहळू. आणि बाँबच्या शिक्क्यावर अंगठा आला तसा थांबला. ‘हीच,’ म्हणाला. ‘हीच ती.’ मी तुला सांगतो, वेर्ना, सगळा हॉल रडला.”

वेर्नाने पीच-पायचा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. सुरी पुसली. समोर बसली, आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली,

“एल्डन, तो शिक्का काढायला मला चार दिवस लागले होते. म्हाताऱ्याचा अंगठा कशावर थांबला?”