चुन्याचा शंख

पनवेलच्या कोळीवाड्यात खेकडा म्हटला की त्याचं कालवण, दुसरा विचार नाही. गोदूनं मात्र एक खेकडा पाळला होता, आणि त्यावरून सारा वाडा पोट धरधरून हसायचा.

तिचा नवरा बुधाजी मचव्यावर खलाशी. एकदा उरणच्या किनाऱ्यावरून त्यानं हा पाठीवर शंख घेऊन जमिनीवर हिंडणारा खेकडा आणला आणि तिच्या ओटीत टाकला. "घे, तुला लेकरू पायजे व्हतं ना?" मूलबाळ नव्हतं, त्याची ही थट्टा. गोदूला तेव्हा भारी राग आला होता. पण देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी बुधाजी तापानं गेला, आणि घरात हालचाल करणारं दुसरं कुणी उरलं नाही. मग राग धरायचा तरी कुणावर?

फुटक्या रांजणाच्या बुडात ओली वाळू, एका करवंटीत गोडं पाणी, दुसरीत खाडीचं. संध्याकाळी मासळीची पाटी रिकामी करून आली की गोदू आधी त्याला वाढायची, मग स्वतःला. भाताची शितं, खोबऱ्याचा तुकडा, कधी सुक्या बोंबलाचं डोकं. सुरुवातीला तो हात बघताच शंखात दडायचा. ती हात तसाच ठेवून बाजारातलं सांगत बसायची, कुणी भाव पाडला, कोण उगाच भांडली. हळूहळू तो तळहातावर चढून जेवू लागला. त्याचे पाय टोचायचे. गोदूला ते आवडायचं. तिला दुसरं कोण हात लावत होतं?

शेजारीण वेणू जिभेची तिखट. "अगो गोदू, तुजा ल्योक मोठा झाला. लगीन लाव, नायतर रस्सा कर!"

मोठा झाला हे खरंच होतं. शंख त्याला पुरेना. अर्धं अंग बाहेर, त्यात शंखाला चीर गेलेली. तो खाईना, हातावर येईना. उघड्या अंगाचा खेकडा मुंग्यांच्या तोंडी जायला वेळ लागत नाही. गोदूनं खाडीकाठ पालथा घातला, सापडतील ते शंख आणून त्याच्यापुढे मांडले. त्यानं चाचपून सगळे सोडून दिले.

त्याच्या मापाचा शंख घरात एकच होता. बुधाजीचा चुन्याचा.

साऱ्या जगाचा चुना डबीत, या बाबाचा शंखात. तोंडाला चिंधीचा बोळा. आतला चुना कधीच वाळून दगड झाला होता, आणि त्यात बुधाजीच्या बोटानं पाडलेली खोबण तशीच राहिली होती. गोदू अधूनमधून बोळा काढून ती बघायची. फोटो काढायची ऐपत कुणाची होती? तिच्याकडे तेवढाच नवरा उरला होता.

"नवऱ्याची निशाणी खेकड्याला देतंस? येडी हायस काय?" वेणू म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती.

"निशाणी हातावर येऊन जेवत नाय, वेणू."

दुपारभर गोदू केसातल्या आकड्यानं चुना खरवडत राहिली. खोबणीशी आली तेव्हा तिनं त्यात आपलं बोट घातलं. बोट सैल बसलं. मग तिनं तीही खरवडली, शंख उकळून काढला, निवू दिला आणि वाळूत ठेवला.

दिवेलागणीला खेकड्यानं शंख उलटापालटा करून बघितला, पाय आत घालून बराच वेळ तपासला, आणि एकाएकी जुनं घर टाकून नव्यात शिरला. गोदूचा जीव भांड्यात पडला. मग तिला रडू आलं, ते थांबेना.

खरवडलेला चुना टाकवत नव्हता. तिनं तो पाण्यात कालवून पानाला लावला, सुपारी घातली आणि चघळत वेणूच्या ओट्यावर गेली. नवऱ्याची माया असली तर पान रंगतं, असं बायका म्हणतात. बुधाजी होता तेव्हा ती पान खाऊन त्याच्यापुढे जीभ काढायची.

"वेणू, बघ गो. रंगलं?"

वेणूनं चिमणी जवळ आणली. जुन्या मेलेल्या चुन्यानं पान रंगत नाही, हे वाड्यातल्या कुणालाही ठाऊक.

"लाल," वेणू म्हणाली. "लालभडक."

गोदूनं पदरानं ओठ पुसले. पदराला हिरवा डाग पडला. तो मुठीत धरून ती घरी आली, तळहातावर शितं घेतली आणि हात वाळूवर टेकला. खेकडा नव्या घरात अजून दडून होता. ती शंखाच्या तोंडाशी वाकली.

"आज वेणू माज्यासाठी खोटं बोलली," तिनं सांगितलं, आणि हात तसाच ठेवून बसून राहिली.