पाठी ओळखणारी गादी

मित्रांनो, मी शाळेच्या व्यायामशाळेतली एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, पडायची. माझ्यावर आजवर कुणी सुखाने झोपले नाही. सगळे आपटले, लोळले, कोलांटउड्या मारून उठले आणि पळाले. माणसे एकमेकांना तोंडावरून ओळखतात, मी पाठीवरून ओळखते. म्हणूनच माझी गोष्ट ही एका पाठीची गोष्ट आहे. ती सांगताना मला मुळीच आनंद होत नाही, पण सांगितलीच पाहिजे. वाचून झाली की आई-बाबांच्याही कानावर घाला.

माझा जन्म एका अरुंद गल्लीत, गादीवाल्याच्या दुकानात झाला. तो मोठा तोंडाळ माणूस होता. "शाळेची गादी आहे, पोरं नाचणार हिच्यावर. कापूस भरताना हात आखडू नकोस," असे त्याने बायकोला सुनावले. ती म्हणाली, "मग नुसते बोलताय कशाला? तुम्हीही हात लावा की!" असे भांडत भांडत दोघांनी दाभणाने मला टाके घातले, जाड हिरव्या कापडाची खोळ चढवली आणि उचलायला कडेने मुठी बसवल्या. नवी असताना मी इतकी फुगीर होते की पहिल्याच दिवशी एक गोलमटोल मुलगा माझ्यावरून उसळला तो थेट जमिनीवर जाऊन बसला. सगळे हसले. तोही हसला.

मी खेळाच्या बाईंच्या ताब्यात होते. त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुले त्यांना शिट्टीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होते. खेळाचा तास म्हणजे मुलांकडे चेंडू टाकायचा आणि आपण सावलीत उभे राहायचे, अशी बऱ्याच मोठ्या माणसांची समजूत असते. आमच्या बाई तशा नव्हत्या. कोण धावताना पाय ओढतो, कुणाला चेंडू नाकाशी येईपर्यंत दिसत नाही, कोण दोन उड्यांत धापा टाकतो, हे सगळे त्या बघत असत आणि शाळा सुटल्यावर पालकांना फाटकापाशी गाठून सांगत.

अधूनमधून त्या एक काम आवर्जून करत. मुलींना माझ्यावर अनवाणी ओळीने उभे करत, गुडघे ताठ ठेवून पायांच्या बोटांकडे वाकायला सांगत आणि स्वतः मागे बसून एकेकीच्या पाठीवरून नजर फिरवत. वाढत्या वयात कुणाकुणाचा कणा हळूच एका अंगाला झुकतो. तो दुखत नाही, खुपत नाही, नुसता झुकत जातो. वाकल्यावर मात्र पाठीची एक बाजू उंच दिसते. मुलींना हा खेळच वाटायचा. "बाई, माझ्या पाठीवर काय लिहिलंय?" असे कुणीतरी विचारायचेच. "लिहिलंय, ही मुलगी डबा संपवत नाही," बाई म्हणायच्या.

त्या मुलींत एक होती काडी. उंच आणि किडकिडीत, म्हणून हे नाव. तिची आई शिवणकाम करायची. घरात या दोघीच. शाळेतल्या अर्ध्या मुलींचे गणवेश त्या माउलीच्या मशीनवर शिवलेले असत. काडीला कोलांटउडीचे भारी वेड होते. ती माझ्या एका टोकाला डोके टेकवायची आणि सरळ रेषेत दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहायची. तिच्यासारखी पाठ माझ्यावर दुसरी आली नाही. पण सहावीत ती भराभर उंच होऊ लागली आणि मला काहीतरी वेगळे जाणवू लागले. तिची उजवी बाजू माझ्यावर आधी टेकायची, डावी जराशी उशिरा. मला बोलता आले असते तर मी ओरडले असते.

बाईंच्याही ते नजरेत आले. एका तासाला वाकलेल्या काडीमागे त्या जरा जास्तच वेळ थांबल्या. खेळाचे शर्ट शाळेने तयार विकत घेतलेले, त्यामुळे ते अंगाबरोबर बसत नसत. काडीचा शर्ट उजवीकडे वर उचलल्यासारखा दिसत होता. "काडी, पुन्हा वाक बघू," बाई म्हणाल्या. तेवढ्यात घंटा झाली आणि मुली पाखरांसारख्या उडाल्या. "पुढच्या आठवड्यात परत बघते हं," बाईंनी मागून हाक दिली. अर्धवट माहितीवर एखाद्या आईच्या पोटात गोळा कशाला आणायचा, असा त्यांचा विचार होता. विचार काही वाईट नव्हता.

पण तो पुढचा आठवडा आलाच नाही. चार दिवसांत पालकांची सभा भरली, तीही आमच्याच व्यायामशाळेत. मला गुंडाळून भिंतीला उभे केले होते. त्या वर्षी गणिताचे निकाल फार वाईट लागले होते आणि पालक तापलेले होते. एक बाबा म्हणाले, "उड्या मारायला आमचं अंगण आहे. शाळेत शिकवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग काडीची आई उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नसे.

"मी जन्मभर मशीनवर बसून डोळे फोडले," ती म्हणाली. "माझ्या मुलीच्या वाट्याला ते नको. खेळाचा तास गणिताला द्या. खेळून कुणाचं पोट भरलंय?"

तिचे शब्द मनापासूनचे होते, म्हणून ते सगळ्यांना लागले. टाळ्या पडल्या. मोठ्या बाईंनी लगेच मान्य केले, "फक्त परीक्षेपर्यंत हं." शिट्टीबाई मागच्या खुर्चीवर मूग गिळून बसल्या होत्या.

परीक्षा झाली. मग पुढची आली. परीक्षांना काय तोटा! शिपाईमामांनी मला अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांमागे टाकले. तिथे उंदरांनी माझे एक अंग कुरतडले आणि कापूस बाहेर आला. बाईंना ओळखपत्रे वाटायचे आणि परीक्षेवर देखरेख करायचे काम लागले. त्यांची शिट्टी मला ऐकू येईनाशी झाली. माझ्यावर धूळ साचली त्याचे मला काही नाही. पण काडीची पाठ आता कोण बघत असेल, या विचाराने माझा जीव तुटायचा.

दोन वर्षांनी खोलीचे दार उघडले. शिट्टीबाई आत आल्या, त्यांच्यामागे काडीची आई. बाहेर मुलांचा गलका होता, म्हणून त्या इथे बोलायला आल्या असाव्यात. काडीची आई माझ्यावरच टेकली.

"उद्या ऑपरेशन आहे, बाई. पाठीत सळया घालणार. मावशीकडे राहायला गेली होती, तिथे तिच्या मावशीने पाठ पाहिली. मोठी झाल्यापासून ती दार लावून कपडे बदलते हो, मला कुठून दिसणार?" तिने माझ्या कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवले. "पण मला दिसलं होतं. दर वेळी तिचा झगा एका बाजूने वर चढायचा. मला वाटलं, माझीच कात्री तिरकी चालते. मग मी त्या बाजूला कापड सोडायला लागले. पुढे खांदा उतरल्यासारखा दिसला, तर आतून कापसाची घडी शिवली. लोक म्हणायचे, काय गणवेश बसतोय पोरीला! माझ्याच हातांनी झाकत राहिले मी."

बाई तिच्याशेजारी खाली बसल्या. "मी पाहिलं होतं, ताई. शेवटच्या तासाला."

"मग सांगितलं का नाही?"

"खात्री नव्हती. पुढच्या आठवड्यात परत बघणार होते."

"आणि पुढचा आठवडा मीच..."

"नाही ताई, सगळं स्वतःवर घेऊ नका. तास गेला तरी तुमचं घर काही लांब नव्हतं. पण मी रुसले होते. म्हटलं, यांनाच खेळ नकोय, तर मी कशाला तोंड वाजवू? रुसले आणि मग कामात विसरून गेले." बाईंनी पदर तोंडाला लावला. "डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, तेव्हाच आणली असती तर कदाचित पाठीला पट्टा बांधून भागलं असतं."

तेवढ्यात काडी दारात आली. "आई, चल ना, दवाखान्यात वेळेवर बोलावलंय." मग तिची नजर माझ्यावर गेली. "अय्या, ही अजून आहे? बाई, एक कोलांटउडी मारू? ऑपरेशननंतर कधीच मारायची नाही म्हणालेत डॉक्टर. उद्यापर्यंत बंदी नाहीये."

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. बाईंनी मला बाहेरच्या फरशीवर पसरले आणि धूळ झटकली. काडीने माझ्या टोकाला डोके टेकवले. मग तिची पाठ माझ्यावर आली. उजवी बाजू दाणकन आपटली, डावी टेकलीच नाही. ती तिरकी घरंगळत गेली आणि माझ्या कडेवरून फरशीवर पडली. उठून बसली, केस मागे सारले आणि आईकडे बघून तिने विचारले, "वाकडी गेले का गं?"

"नाही गं राणी, अगदी..." आई म्हणाली आणि थांबली. मग लेकीजवळ जाऊन खाली बसली. "हो. वाकडी गेलीस, बाळा."

मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. आणि बाई माझा कोपरा मुठीत धरून तशाच उभ्या राहिल्या.

ऑपरेशन नीट पार पडले. पुढच्या सभेत काडीची आई पुन्हा उभी राहिली. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत, पण आठवड्यातला एक तास परत मिळाला. माझी उंदरांनी कुरतडलेली बाजू तिने स्वतः शिवून दिली. आता बाई कोणतीही शंका आली की त्याच संध्याकाळी पालकांच्या दारात जाऊन उभ्या राहतात.

मित्रांनो, मी फाटले तर मला टाके घालता येतात. तुमच्या पाठीचे तसे नाही. म्हणून आई-बाबांना एवढे सांगा, की गुणांची चौकशी करायला शाळेत जाल तेव्हा खेळाच्या बाईंनाही भेटा, आणि आमचे मूल धावताना, वाकताना कसे दिसते ते विचारा. तरीही कुणी म्हणालेच, की खेळाचा तास बुडाला तर बुडाला, तर त्यांना आमच्या व्यायामशाळेत पाठवून द्या. सगळ्या मुली माझ्यावर कोलांटउड्या मारत असतात, तेव्हा काडी भिंतीकडेच्या खुर्चीवर ताठ बसून बघत असते. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.